तिसऱ्या गाण्यातला पत्रा

पेपरात चार ओळी आल्या होत्या,
शेवटून दुसऱ्या पानावर, टायरच्या जाहिरातीखाली:
'राखड' या नागपूरच्या पोस्ट-ग्रंज बँडचा पहिला अल्बम.
सुजात म्हणाला, पोस्ट म्हणजे?
क्लॅरेन्स म्हणाला, नंतरचं.
ग्रंज तर आपल्याकडे आलंच नाही बे,
मग आपण नंतरचे कसे?
पंगत उठल्यावर पोचलेल्यांसारखे
आम्ही उष्ट्या पत्रावळी पाहत बसलो
आणि जेवल्यासारखे हसलो.

डिसेंबर होता. जरीपटक्यात
हरेशच्या वडिलांचं कूलरचं गोडाऊन.
होळीपर्यंत तिथल्या शटरला कोणी हात लावत नाही.
भिंतींना कूलरचं गवत ठोकलं,
खिळे, सुतळी, जुन्या जाळ्या,
आवाज बाहेर जाऊ नये म्हणून.
दहाही गाण्यांना त्या गवताचा वास आहे,
शपथेवर सांगतो.
ज्याला येत नसेल
त्यानं इथला मे काढलेला नाही.

सुजात तेव्हा इंग्रजीत गायचा,
नाकातून, घसा खरवडून,
कुठल्या तरी ढगाळ परदेशी गावात
त्याचं बालपण हरवलं असावं तसा.
पोरगा इंदोऱ्याचा. ढग त्यानं
जून ते सप्टेंबर एवढेच पाहिलेले.
चौथ्या टेकला शब्द विसरला
आणि तोंडातून निघून गेलं,
"काऊन बे, काऊन जाऊन राहिला तू?"
हरेशच्या काड्या थांबल्या.
मग दुप्पट जोरानं पडल्या.
बाकीच्या नऊ गाण्यांचं इंग्रजी
त्याच रात्री तर्रीपोह्याच्या ठेल्यावर
हात पुसायला गेलं.

रेकॉर्डिंगला कामठीचे अन्वरभाई.
उरुसातली कव्वाली, जयंतीची मिरवणूक,
नगरसेवकाचा वाढदिवस, सगळं त्याच मिक्सरवर.
त्यांनी हेडफोन काढला.
"बेस कम कर रे. डब्बे बोल रहे."
खरंच बोलत होते.
मी सगळ्यात जाड तार ओढली
की साठ-सत्तर रिकामे कूलर
एकदम कण्हायचे,
तापातल्या माणसासारखे.
गाद्या कोंबल्या, पोती कोंबली,
क्लॅरेन्सनं अजनीच्या क्वार्टरमधून
आईची रजाई आणली.
शेवटी अन्वरभाईंनी माझी पट्टी खाली ओढली,
थोडी,
अजून थोडी.

त्यामुळे अल्बममध्ये मी नाही.
कव्हरवर आहे: बास, लोकेश निपाने.
चिमणीच्या चित्राखाली. कोराडीची चिमणी,
छापखान्यात ती सिगारेट झाली.
बायको विचारते, तुम्ही यात नेमकं काय वाजवलं?
तेव्हा मी तिसरं गाणं लावतो.
सुजात ओरडून थांबतो,
पुढचं ओरडणं अजून यायचं असतं,
त्या दीड सेकंदात
मागे कुठेतरी एक पत्रा थरथरतो.
झर्रर्र.
तो मी.

बाबांनी गोळीबार चौकात तीस वर्षं माग चालवला.
अल्बम त्यांनी डोळे मिटून ऐकला, पूर्ण,
मांडीवर हात ठेवून, सत्यनारायणाला बसावं तसा.
फक्त तिसऱ्या गाण्याला डोळे उघडले.
"धोटा अडकला का रे?"
एवढंच.
इतक्या वर्षांत दुसऱ्या कोणी विचारलं नाही.

तीनशे सीड्या काढल्या, एक्केचाळीस गेल्या,
त्यातल्या नऊ उधार.
सुजात भंडाऱ्याला शाळेत शिकवतो.
क्लॅरेन्स बिलासपूरला, रेल्वेतच.
हरेश आता एसी विकतो आणि
कूलरचा विषय निघाला की चहा मागवतो.
उरलेली खोकी काटोलच्या मामानं नेली,
संत्र्याच्या बागेत झाडाझाडाला बांधली,
चकाकीनं पोपट भितात म्हणून.

मी पाहून आलो. आंबिया बहार,
फांदीफांदीला आमचा पहिला अल्बम,
वाऱ्यानं फिरणारा, काही न वाजणारा.
उपयोग झाला का, विचारलं.
मामा म्हणाला,
"दोन दिवस भेले.
आता त्याच्यातच तोंड पाहून पाहून
संत्रं खाऊन राहिले."